कर्ता शोधा: सेवेचे तास आणि मुलांचे प्रश्न



आमच्या रविवारच्या मराठी शाळेत नववी-दहावीच्या मुलांना दर वसंतात एक निबंध ठरलेला असतो, 'मी केलेली पर्यावरणसेवा'. विषय आयता मिळतो. मेरिलँड राज्यात सरकारी हायस्कूलमधून बाहेर पडायचं तर ७५ तासांची समाजसेवा सक्तीची आहे, त्यामुळे प्रत्येकाकडे सांगण्यासारखं काहीतरी असतंच. शनिवारी सकाळी हातमोजे आणि मोठ्या पिशव्या घेऊन ओढ्याकाठी जायचं, कचरा उचलायचा, फोटो काढायचा, दुपारी पिझ्झा खायचा आणि फॉर्मवर सही घ्यायची.

निबंधही आयतेच येतात. 'आम्ही बारा पिशव्या कचरा गोळा केला. मला खूप छान वाटलं. निसर्ग आपली आई आहे. आपण सर्वांनी पर्यावरणाचं रक्षण केलं पाहिजे.' असे निबंध मी वर्षानुवर्षं तपासले. ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं, खाली 'छान!' लिहिलं आणि वही परत दिली.

गेल्या वर्षी एका मुलीने असा शेवट केला नव्हता. ती बाल्टिमोर शहराच्या पश्चिम भागातल्या एका ओढ्यावर गेली होती. तिने लिहिलं होतं: 'आम्ही नऊ टायर काढली. मागच्या वर्षी पण काढली होती. एक आजी पोर्चवर बसून आम्हाला बघत होती. ती म्हणाली, परत येतील. मला कळलं नाही, टायर परत येतील की आम्ही. आमच्या घराच्या मागे पण ओढा आहे. तिथे टायर का नाहीत?'

निबंध तिथेच संपला होता. मी 'काढली'चं 'काढले' केलं, खाली 'समारोप हवा' असा शेरा मारला आणि दहापैकी सहा गुण दिले.

त्या शेऱ्याची आज मला लाज वाटते. सगळ्या गठ्ठ्यात तिनेच खरा प्रश्न विचारला होता आणि गुण तिचेच कापले गेले. हा लेख म्हणजे त्या शेऱ्याची दुरुस्ती समजा. माझं म्हणणं थोडक्यात एवढंच आहे: पर्यावरणसेवेनंतर मुलांना 'कसं वाटलं?' विचारून आपण थांबतो, तेव्हा त्यांच्या शिक्षणाचा महत्त्वाचा भाग राहून जातो. 'हे इथेच का?' हा प्रश्न त्यांना विचारता आला पाहिजे आणि उत्तर शोधायला आपण त्यांच्यासोबत बसलं पाहिजे.

हा प्रश्न पन्नास वर्षांपूर्वी विचारला गेला आहे

नॅथन हेअर हे कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ. 'द ब्लॅक स्कॉलर' या नियतकालिकाच्या संस्थापकांपैकी एक. त्यांनी एप्रिल १९७० मध्ये त्यात एक लेख लिहिला, 'ब्लॅक इकॉलॉजी'. त्याच महिन्यात, २२ एप्रिलला, अमेरिकेत पहिला वसुंधरा दिन साजरा झाला. देशभर पर्यावरणाची चर्चा होती: जंगलं, नद्या, पक्षी. हेअर यांनी विचारलं की या चर्चेत शहरातल्या कृष्णवर्णीय वस्त्या कुठे आहेत? एका खोलीत दाटीने राहणारी माणसं, उंदीर, गोंगाट, कारखान्यांचा धूर, हे पर्यावरण नाही का? गोऱ्या उपनगरातला माणूस ज्याला पर्यावरणाचा प्रश्न म्हणतो आणि कृष्णवर्णीय वस्तीतला माणूस ज्यात रोज जगतो, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा वेगळेपणा सत्ता आणि पैशातून आला आहे, असं त्यांचं प्रतिपादन होतं.

पुढच्या अभ्यासकांनी 'ब्लॅक इकॉलॉजी'चा अर्थ आणखी वाढवला. जमीन, पाणी, हवा यांच्याशी कृष्णवर्णीय समाजाचं नातं कसं घडलं, त्यात त्यांच्या वाट्याला काय नुकसान आलं आणि त्यातून त्यांनी कोणतं ज्ञान उभं केलं, हे सगळं त्यात येतं. ही दुसरी बाजू, ज्ञानाची बाजू, आपण बहुधा विसरतो. तिच्याकडे मी पुढे येते.

टायर का नाहीत?

आधी त्या मुलीच्या प्रश्नाकडे. आमच्या वर्गातली बहुतेक मुलं उपनगरात राहतात. घरामागे ओढा, ओढ्याकाठी झाडं, कचऱ्याची गाडी ठरलेल्या दिवशी. हे आपोआप झालं, असं मुलांना वाटतं. खरं सांगायचं तर आपल्यालाही तसंच वाटतं.

बाल्टिमोरने १९१० मध्ये एक कायदा केला. ज्या गल्लीत गोरे बहुसंख्य असतील तिथे कृष्णवर्णीयांनी राहायला जायचं नाही आणि कृष्णवर्णीय बहुसंख्य असतील तिथे गोऱ्यांनी. वंशानुसार वस्त्या वेगळ्या करणारा अशा प्रकारचा अमेरिकेतल्या शहराचा हा पहिला कायदा मानला जातो. १९१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे कायदे रद्द केले. पण वाटा दुसऱ्या निघाल्या. १९३० च्या दशकात सरकारी संस्थेने गृहकर्जासाठी शहरांचे नकाशे रंगवले: हिरवा, निळा, पिवळा, लाल. लाल म्हणजे कर्ज देण्यास 'धोकादायक'. एखाद्या भागात कृष्णवर्णीय कुटुंबं राहतात, एवढं कारणही लाल रंगाला पुरायचं. कर्ज नाही म्हणजे घराची दुरुस्ती नाही, घराला किंमत नाही, आणि वस्तीच्या शब्दालाही नाही. मग महामार्ग, गोदामं, कचऱ्याची ठिकाणं कुठून न्यायची हे ठरवताना विरोध कमी कुठे होईल, हे पाहणाऱ्यांना नकाशा तयारच होता.

२०२० साली १०८ अमेरिकन शहरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या ९४ टक्के शहरांत जुन्या लाल भागांतली जमीन इतर भागांपेक्षा जास्त तापते, असं दिसलं. सरासरी फरक सुमारे २.६ अंश सेल्सियस. झाडं कमी, डांबर आणि काँक्रीट जास्त. नकाशा रंगवणारे केव्हाच गेले, त्या वस्तीतली मुलं मात्र आजही त्या रंगाच्या उन्हात खेळतात.

हे मी वर्गात सांगितलं तेव्हा एका मुलाने विचारलं, "म्हणजे आम्ही तिथे झाड लावतो, ते नकाशावर लावतो?" याहून चांगलं उत्तर मला देता आलं नसतं.

मुलांनी मोजलं, मुलांनी विचारलं

मुलांच्या हातात फक्त पिशवी न देता वही-पेन्सिल दिली तर काय होतं, याची दोन उदाहरणं सांगते.

पहिलं ह्यूस्टनचं. १९७९ मध्ये तिथल्या एका कृष्णवर्णीय मध्यमवर्गीय वस्तीजवळ कचऱ्याचं डंपिंग ग्राउंड येणार होतं. रहिवासी न्यायालयात गेले. त्यांच्या वकील लिंडा मॅकीव्हर बुलर्ड. त्यांचे पती रॉबर्ट बुलर्ड हे समाजशास्त्राचे प्राध्यापक. माहिती हवी होती, म्हणून त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना कामाला लावलं. तेव्हा बोटाच्या टोकावर नकाशे नव्हते. विद्यार्थ्यांनी जुन्या नोंदी काढल्या, गल्लोगल्ली फिरले, लोकांशी बोलले, कागदी नकाशावर खुणा केल्या. दिसलं ते असं: १९२० च्या दशकापासून १९७८ पर्यंत महापालिकेची पाचही डंपिंग ग्राउंड कृष्णवर्णीय वस्त्यांत होती, कचरा जाळण्याच्या आठ भट्ट्यांपैकी सहा तिथेच होत्या आणि चार खासगी डंपिंग ग्राउंडपैकी तीनही. शहरात कृष्णवर्णीयांची लोकसंख्या होती साधारण पाव.

खटला ते हरले. जवळच्या शाळेत वातानुकूलनसुद्धा नाही आणि तिच्या इतक्या जवळ कचरा टाकणं समजण्यापलीकडचं आहे, असं न्यायाधीशांनी निकालात म्हटलं. पण वंशभेदाचा हेतू सिद्ध झाला नाही, म्हणून डंपिंग ग्राउंड झालंच. तरीही ही मोजणी वाया गेली नाही. आज ज्याला 'पर्यावरणीय न्याय' म्हणतात त्या अभ्यासाचा पाया तिथे घातला गेला.

दुसरं उदाहरण आपल्या दारातलं, बाल्टिमोरच्या कर्टिस बे भागातलं. बंदर, कोळशाचे ढीग, रसायनांचे कारखाने. इथे कृष्णवर्णीय राहतात आणि गरीब गोरेही. तिथल्या हायस्कूलपासून मैलभराच्या आत दिवसाला ४००० टन कचरा जाळणारा प्रकल्प येणार होता. कागदोपत्री तो 'नवीकरणीय ऊर्जे'चा प्रकल्प होता, कारण मेरिलँडच्या कायद्यात कचरा जाळून केलेली वीजही त्या व्याख्येत बसत होती. डेस्टिनी वॉटफर्ड ही तिथली विद्यार्थिनी आणि तिचे वर्गमित्र यांनी गट केला. घरोघर गेले, वाचत गेले. वाचता वाचता त्यांना कळलं की ही वीज विकत घेण्याचा करार करणाऱ्यांमध्ये त्यांचीच शिक्षण व्यवस्था आहे. म्हणजे ज्या धुराने मुलांच्या छातीत घरघर होणार, त्याचं बिल शाळाच भरणार. मुलं शिक्षण मंडळासमोर जाऊन बोलली. मंडळाने करार सोडला, इतर संस्थांनीही सोडला. मार्च २०१६ मध्ये राज्याने प्रकल्पाचा परवाना संपल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी वॉटफर्डला पर्यावरणाचा गोल्डमन पुरस्कार मिळाला.

आता मला सांगा, या मुलांनी किती 'सेवा' केली? पिशव्यांच्या हिशोबात शून्य. कचरा उचलायला माझा विरोध मुळीच नाही. बाल्टिमोरच्या बंदरावर डोळे लावलेलं कचरा ओढणारं चाक आहे, 'मिस्टर ट्रॅश व्हील', आमची मुलं त्याच्यावर जीव टाकतात, आणि ते कामही मोलाचं करतं. पण ते चाक नदीच्या तोंडाशी आहे. मुलांनी कधीतरी प्रवाहाच्या वरच्या अंगाला चालत जाऊन पाहायला हवं.

फक्त दुःखाचा धडा नको

इथे एक सावधगिरी. हा सगळा इतिहास शिकवताना आपण कृष्णवर्णीय समाजाला 'बिचारे' करून टाकतो. मग मुलं निबंधात लिहितात, 'गरीब लोकांना मदत केली.' हेही खोटंच चित्र आहे.

मेरिलँडच्या पूर्व किनाऱ्यावर जन्मलेली हॅरिएट टबमन मुलांना माहीत असते: गुलामगिरीतून सुटली, परत परत येऊन सुमारे सत्तर जणांना सोडवलं. शूर होती, हे मुलं सांगतात. पण रात्री, दलदलीतून, हिवाळ्यात ती वाट कशी काढायची? लहानपणी तिला थंड पाण्यात उतरून मस्करॅटचे सापळे तपासायला लावत. मोठेपणी तिने वडिलांबरोबर जंगलात लाकूडतोडीचं काम केलं. ध्रुवतारा, भरती-ओहोटी, कुठे पाय रुततो आणि कुठे नाही, हे तिचं शास्त्र होतं.

आणि कार्व्हर! वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' १९८१ मध्ये आलं आणि मराठी घरांत ते पाठ्यपुस्तकासारखं वाचलं गेलं. तुमच्याही कपाटात असेल. आपण ते मुलांना कशासाठी देतो? चिकाटीसाठी. गुलामीत जन्मलेला अनाथ मुलगा केवढा मोठा शास्त्रज्ञ झाला, तू अभ्यास कर. पण एकदा ते जमिनीच्या बाजूने वाचून बघा. कार्व्हर १८९६ मध्ये टस्किगीला गेले तेव्हा कापसाने तिथली जमीन पार चोखून घेतली होती. तिच्यावर राबणारे कृष्णवर्णीय शेतकरी बहुतेक वाटेकरी, जमीन दुसऱ्याची, डोक्यावर कर्ज. त्यांना विकतचं खत परवडणार नव्हतं. म्हणून कार्व्हर जंगलातला पालापाचोळा आणि दलदलीतला गाळ वापरायला सांगत होते. चवळी आणि भुईमूग लावा, जमिनीला नत्र मिळेल आणि घरात खायलाही होईल. शेतकरी कॉलेजात येऊ शकत नाही, तर कॉलेज त्याच्याकडे जाईल, म्हणून १९०६ पासून घोडागाडीवरची फिरती शाळा निघाली. ज्यांच्याकडे जमिनीची मालकी नव्हती, त्यांच्या हाती जमिनीचं ज्ञान देणं, ही ब्लॅक इकॉलॉजीच आहे. मतदानाच्या हक्कासाठी मार खाल्लेल्या फॅनी लू हॅमर यांनी १९६९ मध्ये मिसिसिपीत सहकारी शेती उभी केली, तीही याच वाटेवरची. स्वतःचं अन्न पिकवणाऱ्याला मताच्या बदल्यात उपाशी ठेवता येत नाही, हा त्यांचा विचार होता.

म्हणून ओढ्यावर जाताना मुलांना सांगूया की या वस्तीतली माणसं तुमच्या आधीपासून हे काम करताहेत. त्या पोर्चवरच्या आजींना आपल्यापेक्षा त्या ओढ्याचं जास्त माहीत आहे.

"पण आपला काय संबंध?"

हा प्रश्न एका पालकांनी मला पार्किंगमध्ये विचारला. रागाने नाही, मनापासून. मराठी शाळेत शुद्धलेखन शिकवा, श्लोक शिकवा, हे कशाला?

संबंध आहे. भारतातून इथे येण्याचं दार १९६५ च्या कायद्याने उघडलं, आणि तो कायदा ज्या वातावरणात झाला ते कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या लढ्याने तयार केलं होतं. आपण ज्या उपनगरांत घरं घेतली, त्यांतली कित्येक एके काळी कृष्णवर्णीयांना बंद होती. आणि मराठीचाच धागा हवा असेल तर महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामगिरी नष्ट करण्यासाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. कुठे पुणे आणि कुठे अमेरिका, पण ते नातं फुल्यांना दिसलं होतं.

या वर्षी मी मुलांना एक गृहपाठ दिला. भारतातल्या आजी-आजोबांना फोन करा आणि विचारा: तुमच्या गावात पाणवठे किती होते आणि कोणता कोणाचा? बहुतेक मुलं विहिरीच्या, रहाटाच्या गमती घेऊन आली. एका मुलाने आजोबांचं उत्तर जसंच्या तसं लिहून आणलं: 'दोन विहिरी होत्या. आमची वरच्या अंगाला. दुसरी गावकुसाबाहेर, ती उन्हाळ्यात आटायची. मग ते लोक पाणी कुठून आणायचे, ते मी कधी विचारलं नाही.'

वर्गात थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग मी महाडच्या चवदार तळ्याबद्दल, १९२७ बद्दल सांगितलं. जात आणि वंश एकच नाहीत, दोन्हींचा इतिहास वेगळा आहे, हेही सांगितलं. पण चांगलं पाणी कोणाच्या बाजूला आणि घाण कोणाच्या, हे माणसं ठरवतात, ही गोष्ट त्या दिवशी मुलांना मी न शिकवता कळली.

'हे राजकारण झालं,' असंही कोणी म्हणेल. १९१० चा कायदा शिकवणं म्हणजे इतिहास शिकवणं. 'मुलं निराश होतील,' ही काळजी मात्र मला खरी वाटते. माझा अनुभव असा की नऊ टायर दर वर्षी परत येतात आणि कोणी कारणच सांगत नाही, त्याने मुलं जास्त निराश होतात. कारण कळलं की निदान कोणाला पत्र लिहायचं ते कळतं.

वर्गात काय करता येईल

व्याकरणापासून सुरुवात करा. मुलांच्या निबंधांत ही वाक्यं हमखास सापडतात: 'इथे कचरा टाकला जातो.' 'ओढ्यात टायर साठतात.' 'या भागात झाडं कमी आहेत.' पहिलं वाक्य नवीन कर्मणी प्रयोगातलं. टाकणारा वाक्यात नाहीच. दुसऱ्यात तर टायरच कर्ता होऊन बसले आहेत. फळ्यावर लिहा: 'कर्ता शोधा.' मुलांनी प्रत्येक वाक्य कर्तरी प्रयोगात आणायचं. कोण टाकतं? जुने टायर घ्यायला पैसे कोण मागतं? रात्री दिवा नसलेली ही जागा तशी कोणी ठेवली? झाडं कोणी लावली नाहीत? वाक्य पूर्ण करायला मुलांना माहिती शोधावीच लागते. मी इतकी वर्षं प्रयोग शिकवले, पण मुलं त्यासाठी भांडताना मी पहिल्यांदाच पाहिली.

मग निबंधासाठी चार प्रश्न द्या. तिथे काय दिसलं आणि किती? ते तिथेच का आहे, आपल्या दारात का नाही? तिथे राहणाऱ्या कोणाशी बोललात आणि ते काय म्हणाले? पुढच्या वर्षी ते परत येऊ नये म्हणून कोणी काय करायला हवं? 'कसं वाटलं' हेही लिहू द्या, पण शेवटी.

पालकहो, तुमच्याकडे एकच मागणं. राज्याच्या नियमातही सेवेचे तीन टप्पे आहेत: तयारी, कृती आणि चिंतन. आपण मधल्या टप्प्याचे तास मोजतो. यापुढे तासांच्या फॉर्मवर सही करण्याआधी गाडीतच मुलाला विचारा, "तिथे कोणाशी बोललास?" उत्तर 'कोणाशीच नाही' असेल, तर पुढच्या वेळी तुम्हीही उतरा आणि दोघं मिळून बोला.

तो निबंध मी त्या मुलीला यंदा वर्गात वाचायला सांगितला. समारोपाशिवाय. तिने आता खाली एक ओळ जोडली आहे: 'या एप्रिलमध्ये मी आजीला विचारणार आहे, काय परत येतील.' शनिवारी आम्ही तिथे जातोय. या वेळी पिशव्या कमी घेतल्या आहेत आणि वह्या जास्त.

तुमच्या शाळेत हा धडा घेतलात तर मुलांनी काय विचारलं, ते नक्की कळवा.